निकम सरांचा काटकोन

निकम सर कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. आधी बाजेचं माप घेत.

सदऱ्याच्या खिशात सुतळीचा गुंडा कायम असायचा. बाजेच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ती सुतळी ताणायची, तिथं चिमटीत धरायची, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांना लावून बघायची. दोन्ही मापं सारखी भरली तर बाज सरळ, नाहीतर कलंडलेली. कलंडलेली निघाली की सर तिला गुडघा लावून रेटत, पुन्हा सुतळी लावत, पुन्हा रेटत. घरातलं एखादं म्हातारं माणूस त्याच बाजेवर आडवं झालेलं असलं तरी त्यांचं काही अडत नसे. "तुम्ही पडा हो, तुमचा काही प्रश्न नाही," असं म्हणून ते त्याच्यासकट बाज काटकोनात आणत.

एकदा आमच्या ड्रिलच्या मास्तरांसाठी मुलगी बघायला आम्ही सांगलीला गेलो होतो. मुलीच्या वडिलांचं हळदीच्या पेठेत अडतीचं दुकान होतं. माणूस तालेवार, बैठक स्वच्छ, लोडाला पांढरे अभ्रे. पोहे बाहेर यायच्या आत निकम सर उठले आणि कोपऱ्यातल्या पलंगाला सुतळी लावू लागले. मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "अहो गुरुजी, पलंगाचं काही बोलणं झालं नव्हतं आपलं." मी त्यांना शपथेवर सांगत होतो की पलंग नको, काहीच नको, तेवढ्यात सर ओरडले, "दोन बोटं फरक आहे! पार कलंडलाय!" त्यानंतर ते लग्न कसं जमलं हे मला आजही कळलेलं नाही.

आष्ट्याच्या हायस्कुलात सर भूमिती शिकवत आणि मी मराठी. मी मूळचा वाईचा. नोकरीनं मला आष्ट्याला आणलं आणि तिथं बिऱ्हाड मिळालं ते सरांच्या भिंतीला भिंत लागून. सर पन्नाशीच्या अलीकडचे, किडकिडीत, दुटांगी धोतर, काळी टोपी. बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेली. मूलबाळ नाही. पुन्हा लग्न केलं नाही. स्वयंपाक स्वतः करत, भाकरी झकास थापत. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "भाषावाले" म्हणत. त्या एका शब्दात भाषेविषयीचं त्यांचं सगळं मत येऊन जाई.

"कर्ण घेतला का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी तिरकी रेघ म्हणजे कर्ण, एवढं मलाही ठाऊक होतं. पण सरांचा कर्ण वहीत मावणारा नव्हता. हेडमास्तरांनी वेळापत्रक लावलं की सर विचारत, "कर्ण घेतला का?" कुणी सोयरीक ठरवली, कुणी बैल विकत घेतला, कुणी राजीनामा द्यायला निघाला, प्रश्न तोच. त्यांचं म्हणणं असं, की चार बाजू सांगितल्यानं चौकोन कळत नाही. बाजू त्याच ठेवून तो हवा तसा कलंडवता येतो. कर्ण सांगितलात की मग त्याला हलायला जागा नाही. जगातली निम्मी भांडणं माणसांनी कर्ण न घेतल्यामुळं होतात, असं ते अगदी गंभीरपणे सांगत.

माणसंही त्यांनी आकारात बसवली होती. आमचे हेडमास्तर म्हणजे समलंब चौकोन. "दोनच बाजू समांतर. उरलेल्या दोन कुठं निघाल्यात त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही." शाळेचा शिपाई चौरस, कसाही फिरवा, तोच. ड्रिलचे मास्तर वर्तुळ. "कोनच नाही हो बिचाऱ्याला. जरा उतार मिळाला की निघाला." मी एकदा धीर करून विचारलं, "आणि मी?" सरांनी मला नीट न्याहाळलं. "समभुज चौकोन. चारी बाजू सारख्या आहेत, माणूस चांगला. पण बसला नीट नाही, जरासा झुकलेला." बायकोला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मला थोडा रागच आला.

वर्गात मात्र ते जादूगार होते. चौकोनाच्या चारी कोनांची बेरीज तीनशे साठ अंश, हे ते कधी नुसतं सांगत नसत. हातात येईल तो कागद घेत, त्याचे चारी कोपरे फाडत आणि टेबलावर टोकाला टोक लावून ठेवत. मध्ये फट राहत नसे की एकावर एक चढत नसे. पोरं माना पुढं काढून बघत. एकदा हेडमास्तरांची सूचना घेऊन शिपाई वर्गात आला, आणि सरांच्या हातात त्या वेळी दुसरा कागद नव्हता. सूचना वाचून, सही करून त्यांनी ती परत पाठवली खरी, पण ती अष्टकोनी होऊन गेली. हेडमास्तरांनी बोलावून जाब विचारला तर म्हणाले, "मजकुराला मी कुठं हात लावलाय?" पुढं नवा अभ्यासक्रम आला, त्यात संच आले. सरांनी पुस्तक चाळलं आणि मिटलं. "एका कंसात आंबा, पेरू आणि चिंच. हे गणित नव्हे, ही बाजाराची पिशवी," म्हणाले, आणि पुढचा तास चौकोनावरच घेतला.

पहिल्या दिवाळीला त्यांना आमच्याकडं फराळाला बोलावलं तो दिवस मी विसरणार नाही. आमच्या हिनं ताटलीत शंकरपाळी ठेवली. सरांनी एकही तोंडात टाकली नाही. त्यांनी ती ताटलीत रांगेनं मांडायला सुरुवात केली. समभुज एकीकडे, नुसते समांतरभुज दुसरीकडे, कडेचे तुकडे तिसरीकडे. मग वर बघून म्हणाले, "वहिनी, तुमचं कातणं डावीकडं ओढतं." ही आत गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करू लागली. सर शांतपणे कडेचे त्रिकोण खात बसले. "हेच बरे," म्हणाले. "त्रिकोण कधी कलंडत नाही. गरीब जात."

हे सगळं गमतीचं. पण सरांचा एक माणूस असा होता की ज्याला त्यांनी कुठल्याच आकारात बसवलं नव्हतं. तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ महादेव. सर त्याला म्हादू म्हणत, बाकी गल्ली म्हादबा. तो लष्करात हवालदार होता. सुटीवर यायचा असला की सर आठवडाभर आधी घर सारवून घेत, आणि त्या दिवशी शाळेला रजा टाकून सकाळपासून एस.टी. स्टँडवर बसून राहत. गाडी आली, म्हादू उतरला, की पहिलं वाक्य ठरलेलं. "उशीर केलास." दोघं घरी येईपर्यंत दुसरं वाक्य होत नसे. पण त्या दिवसांत भिंतीपलीकडून मला सरांचं हसू ऐकू यायचं. एरवी ते माणूस मोठ्यानं हसतं हे मला माहीतच नव्हतं.

दुष्काळ सरला त्या सुमारास म्हादू पेन्शन घेऊन कायमचा गावी आला. बायको, दोन मुलं आणि एक भलीमोठी ट्रंक. सासरवाडी गावातच, तिथं त्यानं तात्पुरतं बिऱ्हाड केलं. सरांच्या घराला लागून मोठी मोकळी जागा होती. त्यातला एक तुकडा वडिलांनी, म्हणजे त्यांच्या आबांनी, जिवंतपणीच म्हादूला नेमून दिला होता. बाकीची सगळी जागा सरांची. तुकड्याचं माप गल्लीत सगळ्यांना पाठ होतं, तीस हात लांब, वीस हात रुंद. गल्लीच्या बाजूचे दोन दगड जागच्या जागी होते. मागच्या दोन खुंट्या मात्र केव्हाच वाळवीनं खाल्ल्या होत्या.

म्हादूनं आपल्या आठवणीनं मागं शेवग्याच्या झाडापाशी खुंट्या ठोकल्या. सर शाळेतून आले, त्यांनी बघितलं, आणि खिशातली सुतळी काढली. मग त्यांनी आपल्या हिशेबानं दुसरीकडं खुंट्या ठोकल्या. गल्लीतले जाणते म्हणून तात्यांना बोलावलं. तात्यांनी दोरी घेऊन आधी म्हादूचा चौकोन मोजला. तीस, वीस, तीस, वीस. मग सरांचा मोजला. तीस, वीस, तीस, वीस. तात्या मटकन दगडावर बसले.

"गड्यांनो, दोघांचंबी बरूबर हाय की. मग भांडाय काय झालंय तुमाला?"

सरांना याहून चांगला वर्ग कुठं मिळणार होता! त्यांनी बांबूच्या चार कामट्या आणल्या, टोकं सुतळीनं बांधून चौकोन केला, आणि सगळ्यांसमोर तो एका बाजूनं दाबला. "बघा. बाजू बदलल्या? नाही. कोन बदलले. म्हादूच्या खुंट्या अशा कलंडल्यात. जागा काटकोनात पाहिजे."

"आन कुणी सांगितलं काटकोनात पाहिजे?" म्हादू म्हणाला. "मी ठोकल्यात त्या आबांच्या जागंवर ठोकल्यात."

"आबांनी नुसती दोरी मारली. कर्ण घेतला नाही. आबा चुकले."

सर वर्गात 'तुझं उत्तर चुकलं' म्हणावं तसं ते बोलून गेले होते. पण म्हादू काही त्यांच्या वर्गात नव्हता. तो पुढं आला.

"आबा चुकलं म्हंतोस? त्यांच्या माघारी?"

"मोजून दाखवतो ना!"

"न्हाई. खलास. तुजी शाळा तुज्याजवळ. आजपास्नं तुजा माजा संबंध न्हाई." त्यानं सरांच्या दोन्ही खुंट्या उपटल्या आणि गटारात टाकल्या.

त्यानंतर वर्षभर दोघं बोलले नाहीत. गाव केवढं ते? रोज कुठंतरी गाठ पडायचीच. बाजारात म्हादू समोरून आला की सरळ पुढं बघून, परेडवर चालावं तसा निघून जायचा. सर थांबायचे, तो दिसेनासा होईपर्यंत उभे राहायचे. सुतळी खिशात असायची, पण लोकांच्या बाजा मोजणं थांबलं. वर्गात कोपरे फाडणं थांबलं. भिंतीपलीकडून तव्यावर भाकरी टाकल्याचा तेवढा आवाज यायचा. तोही एकाच भाकरीचा. मला त्यांचा मनापासून राग आला होता. सख्खा भाऊ एका काटकोनापायी घालवायचा, याला विद्वत्ता म्हणायची की हट्ट?

एका रविवारी मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. ते काही रागावले नाहीत. माझ्या टेबलावरची काड्यापेटी ओढून त्यांनी काड्यांचा एक लांबट आयत मांडला.

"भाषावाले, यात जागा किती ते डोळ्यांनी बघा. आता हा कलंडवतो." त्यांनी काड्या बोटानं सरकवल्या. "बाजू त्याच. जागा?"

"जरा कमी वाटते."

"अजून कलंडवतो." काड्या जवळजवळ एकमेकींना चिकटल्या. "बाजू त्याच. आता आत मुंगी तरी मावेल का?"

"म्हणजे, म्हादबांनी मारलेल्या खुंट्यांमध्ये..."

"जागा कमी भरते त्याला. आणि कमी पडते ती माझ्याकडं येते. मला काय करायचीय हो? एकटा जीव. त्याला दोन पोरं आहेत. आबांनी तीस-वीस म्हटलं, त्यांच्या मनात पुरा आयत होता. तेवढा त्याला मिळाला पाहिजे."

"अहो, मग हे त्याला सांगा ना!"

"सांगितलं. तात्यांकडून सांगितलं. तो म्हणतो, चारी बाजू त्याच तर जागा कमी कशी होईल? मास्तराचा काहीतरी डाव आहे." सरांनी काड्या पेटीत भरल्या. "भांडून भांडून कमी जागा मागतोय येडा."

मला आता राहवेना. दुसऱ्या दिवशी मी म्हादबांच्या सासरवाडीला गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि जागेचा विषय काढताच ताठ झाले.

"आवं गुरुजी, जागा कमी का जास्त, मला कळत न्हाई. कळून घ्यायचंबी न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी भरतीला निघालो त्याच्या आदल्या दिशीची गोष्ट. आबा लय थकलं हुतं. मला शेवग्याजवळ घेऊन गेलं. माज्या हातात हातोडा दिला, माज्या हातावर सोताचा हात ठेवला, आन दोघांनी मिळून ती खुंटी ठोकली. म्हणलं, म्हाद्या, परत ये, हितंच घर बांध. म्होरच्या सुटीला आलो तर आबा न्हाईत. आता त्यो हात चुकला म्हणून मी खुंटी हलवू व्हय?"

मी परत येऊन सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून घेत होते. "मी तेव्हा साताऱ्याला ट्रेनिंगला होतो," एवढंच म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही हे." मग उठून आत गेले. त्या दिवशी तव्याचा आवाजही आला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला म्हादबांनी पायाचा मुहूर्त धरला. आखणी अर्थात त्यांच्याच खुंट्यांवरून. गल्ली जमली होती. सर आपल्या ओट्यावर उभे होते, मी त्यांच्या शेजारी. गवंडी सांगलीकडचा, नावाजलेला. त्यानं दोऱ्या ताणल्या, गल्लीकडच्या दगडापाशी आपला लोखंडी गुण्या लावला, म्हणजे कोपरा काटकोनात आहे का ते बघायची पट्टी. बघितलं, पुन्हा लावला आणि उठून उभा राहिला.

"हवालदारसायेब, ह्यो कोपरा गुण्यात बसंना. भिंत तिरकी जाईल. माजं नाव खराब हुईल, मी न्हाई खणायचा. मागच्या खुंट्या जराशा सरकवू या."

म्हादबांच्या कपाळाची शीर तटतटली. तात्या म्हणाले, "आवं, भूमितीचं मास्तर समोरच हुबं हाईत. त्यास्नीच इचारा की!"

सगळे ओट्याकडं बघू लागले. सरांनी आयुष्यात कधी चुकलेल्या कोनाला बरोबर म्हटलं नव्हतं. हेडमास्तरांसाठी नाही, इन्स्पेक्टरांसाठी नाही, आमच्या हिच्या शंकरपाळीसाठीही नाही.

सर खाली उतरले. गवंड्याच्या हातातून गुण्या घेतला, दगडापाशी उकिडवे बसले आणि दोरीला लावला. दोरी आणि लोखंड यांच्यामधली फट मला, मराठीच्या मास्तराला, लांबून दिसत होती. म्हणजे ती सगळ्यांनाच दिसत असणार. सरांनी मागं शेवग्याकडं एकदा पाहिलं, आणि उठले.

"बसतोय की," ते म्हणाले. "काटकोन हाय."

गवंडी बावचळला. "आवं सर, ही फट बघा की..."

"नव्वद अंश आहेत. गणिताचा मास्तर मी का तू?"

"पर गुण्या..."

"गुण्या चुकीचा हाय तुझा. खण."

म्हादबा खुळे नव्हते, त्यांनीही फट पाहिली होती. ते आधी दोरीकडं बघत राहिले, मग भावाकडं. बायकोनं पूजेचं ताट हातात दिलं होतं, त्यातला नारळ त्यांनी उचलला आणि दोन ढांगांत सरांसमोर येऊन उभे राहिले.

"दादा, नारळ तू फोड."

घर पुढं त्याच आखणीवर उभं राहिलं आणि तिरकंच उभं राहिलं. त्या घरात कपाट कुठल्याच कोपऱ्यात धड बसत नाही. सर रोज संध्याकाळी तिथं जेवायला जात, भिंतीकडं पाठ करून बसत, आणि कुणी कपाटाचा विषय काढलाच तर सुताराला नावं ठेवत. पण हे नंतरचं.

त्या दिवशी नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि आम्ही दोघं शाळेकडं निघालो. उशीर झाला होता, पहिला तास सरांचा होता. सर खाली मान घालून चालत होते. वाटलं, केलेलं मनाला लागलं असेल. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

"भाषावाले, दादा म्हणाला ना तो?"

"म्हणाला."

"मोठ्यानं म्हणाला? का मलाच तसं वाटलं?"

"मोठ्यानं म्हणाला, सर. सगळ्या गल्लीनं ऐकलं."

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तो पुसून होईपर्यंत मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत उभा राहिलो.